बँकेच्या उताऱ्यातील अनोळखी वर्गणी : शोध कसा घ्यावा?

आपल्यापैकी बरेच व्यापारी बँकेचा उतारा आला की शेवटची शिल्लक पाहतात आणि कागद घडी करून गल्ल्याखाली सारतात. मधल्या ओळी मुनीम पाहील किंवा वर्षअखेरीस सी.ए. पाहतील, असा समज असतो. मग एखाद्या दिवशी सूतवाल्याला दिलेला धनादेश परत येतो आणि तेव्हा कळते की, खात्यातून पाच हजार नऊशे रुपये कुठल्याशा 'असोसिएशन'च्या नावे गेले आहेत. ही असोसिएशन कोणती, आपण तिचे सभासद केव्हा झालो, पैसे कापण्याचा अधिकार तिला कोणी दिला, यातले काहीच आठवत नाही.

अशा वेळी दोन प्रकारची माणसे दिसतात. काही जण 'जाऊ द्या, बँकेने काहीतरी कापले असेल' म्हणून गप्प बसतात. काही जण लगेच 'चोरी झाली' अशी ओरड करतात आणि मुनीम, कारकून किंवा संघटनेचा चिटणीस यांच्यापैकी जो समोर येईल त्याच्यावर संशय घेतात. आमच्या मते दोघांचेही चुकते. अनोळखी ओळ हा एक प्रश्न आहे, तो निकाल नव्हे. त्याचे उत्तर शोधण्याची एक साधी रीत आहे. कापडाच्या धंद्यात इतकी वर्षे वावरल्यावर जी रीत आम्हाला उपयोगी वाटली, ती येथे क्रमाने मांडत आहोत.

नाव ओळखीचे का वाटत नाही?

पहिले कारण असे की, आपण संस्थेला ज्या नावाने हाक मारतो ते तिचे नोंदणीकृत नाव नसते. निर्यात करणारा कापडवाला 'टेक्सप्रोसिल' म्हणतो. उताऱ्यात मात्र 'द कॉटन टेक्सटाइल्स एक्स्पोर्ट प्रमोशन कौन्सिल' असे लांबलचक नाव येऊ शकते. यंत्रमागवाले 'पीडेक्सिल' म्हणतात. तिचे पूर्ण नाव पॉवरलूम डेव्हलपमेंट अँड एक्स्पोर्ट प्रमोशन कौन्सिल असे आहे. हस्तकलेचे कारागीर परदेशी माल पाठवू लागले की 'ईपीसीएच' या परिषदेशी त्यांचा संबंध येतो. निर्यातीच्या सरकारी सवलती मिळण्यासाठी अशा परिषदेचे नोंदणी-सभासदत्व प्रमाणपत्र लागते आणि सभासदत्व म्हटले की वर्गणी आलीच.

दुसरे कारण म्हणजे उताऱ्यातील जागा. तपशिलाच्या रकान्यात ठरावीक अक्षरेच मावतात. लांब नाव मध्येच तुटते आणि 'दि पॉवरलूम डेव्ह' एवढेच उरते. वाचणाऱ्याला ते एखाद्या माणसाचे नाव वाटते.

तिसरे कारण म्हणजे मध्यस्थ. संघटना स्वतः पैसे न घेता एखाद्या पेमेंट कंपनीमार्फत घेत असेल, तर उताऱ्यात बिलडेस्क किंवा रेझरपे यासारखे त्या कंपनीचे नाव दिसते आणि संघटनेचा उल्लेखही नसतो. म्हणून केवळ नाव वाचून 'आमचा यांच्याशी संबंध नाही' असे ठरवू नये.

रक्कम काय सांगते?

नावापेक्षा रक्कम जास्त बोलते. आकडा हाती आला की प्रथम त्याला १.१८ ने भागावे. ५,९०० ला भागले की बरोबर ५,००० येतात, २,३६० चे २,००० आणि १,१८० चे १,००० येतात. भागाकार असा पूर्ण आला, तर ती फी अधिक अठरा टक्के जीएसटी असण्याचा संभव मोठा. याने फी कोणाची हे कळत नाही, पण ती कोणीतरी बिल करून घेतलेली सेवेची फी असावी आणि तिचे बिल कोठेतरी असले पाहिजे, हे कळते.

भागाकार पूर्ण आला नाही म्हणूनही घाबरू नये. लहान संघटनेची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेखाली असेल, तर ती जीएसटी लावत नाही. शिवाय व्यापार-उद्योगाच्या वाढीसाठी काम करणाऱ्या ना-नफा संस्थेची सभासद वर्गणी माणशी वर्षाला १,००० रुपयांपर्यंत असेल, तर तिला २०१८ च्या अधिसूचनेने जीएसटीतून सूट दिलेली आहे.

काही आकड्यांची मात्र संघटनेशी गल्लत होते. ते ओळखून ठेवावेत.

२,५०० रुपये : महाराष्ट्रात धंदा करणाऱ्याला भरावा लागणारा वार्षिक व्यवसाय कर. १९७५ च्या कायद्याने तो लागू झाला. इंग्रजीत त्याला 'प्रोफेशन टॅक्स' म्हणतात, म्हणून 'प्रोफेशनल असोसिएशन'शी घोटाळा होतो. हा सरकारी कर आहे, वर्गणी नव्हे. बहुधा आपल्या कर सल्लागाराने तो ऑनलाइन भरलेला असतो.

२० रुपये आणि ४३६ रुपये : पंतप्रधान सुरक्षा विमा आणि जीवन ज्योती विमा या दोन योजनांचे वार्षिक हप्ते. १ जून २०२२ पासून हे दर झाले. त्याआधी ते १२ आणि ३३० होते. खाते उघडताना भरलेल्या अर्जात कोठेतरी याची संमती दिलेली असते आणि मे अखेरीच्या सुमारास रक्कम आपोआप वळती होते.

दरमहा येणारी लहान रक्कम आणि 'मर्चंट' हा शब्द : ही मर्चंट असोसिएशन नसून दुकानातील कार्डयंत्राचे किंवा पैसे आल्याची आरोळी देणाऱ्या यूपीआय डब्याचे भाडे असण्याचा संभव आहे.

'सीजीटीएमएसई' ही अक्षरे : हीसुद्धा संघटना नव्हे. लघुउद्योगांना तारणाशिवाय कर्ज मिळावे म्हणून २००० साली केंद्र सरकार व सिडबी यांनी हा हमी निधी स्थापन केला. आपले कर्ज या हमीखाली असेल, तर वार्षिक हमी शुल्क बँक बहुधा कर्जदाराकडूनच वसूल करते.

याशिवाय तारीख पाहावी. संघटनांचे वर्ष बहुधा एप्रिल ते मार्च असते. आपण दिवाळीत सभासद झालो असलो तरी पुढील वर्गणी एप्रिलपासून लागू शकते. सहा महिन्यांत पुन्हा पैसे गेले, अशी तक्रार अनेकदा यातूनच उद्भवते.

पैसे कोणत्या वाटेने गेले?

आता उताऱ्यातील तपशिलाची सुरुवातीची अक्षरे पाहावीत. खात्यातून पैसे कोणत्या दाराने बाहेर पडले ते त्यावरून कळते.

'एसीएच' किंवा 'नॅच' असेल, तर कोणीतरी बँकेला लेखी किंवा ऑनलाइन संमतीपत्र दिलेले आहे. बँकेत त्याला मँडेट म्हणतात. जुन्या काळी हेच काम 'ईसीएस'ने होत असे. प्रत्येक संमतीपत्राला वीस अक्षरांचा एक स्वतंत्र क्रमांक असतो. त्याला यूएमआरएन म्हणतात. हा क्रमांक म्हणजे या शोधाची किल्ली होय. बँकेकडे अर्ज करून या क्रमांकाच्या संमतीपत्राची प्रत मागावी. त्यावर सही कोणाची, रक्कम किती, मुदत कोठपर्यंत, हे सर्व लिहिलेले असते.

'एसआय' असेल, तर आपण स्वतः बँकेला दिलेली कायम सूचना आहे.

कार्ड किंवा यूपीआय असेल, तर वेगळा नियम आहे. कार्डावरून वारंवार होणाऱ्या वसुलीबाबत रिझर्व्ह बँकेने घातलेली शिस्त १ ऑक्टोबर २०२१ पासून काटेकोरपणे अमलात आली. त्यानुसार पैसे कापण्याच्या किमान चोवीस तास आधी ग्राहकाला सूचना मिळाली पाहिजे आणि त्या सूचनेतूनच नकार देण्याची सोय असली पाहिजे. म्हणून मोबाइलमधील आदल्या दिवसाचे संदेश शोधावेत. ते नेमके कोणाच्या मोबाइलवर येतात, हेही पाहावे. बँकेत नोंदवलेला क्रमांक जुन्या भागीदाराचा किंवा नोकरी सोडून गेलेल्या मुलाचा असेल, तर सूचना येऊनही आपल्यापर्यंत पोहोचत नाही.

धनादेश किंवा एनईएफटी असेल, तर पैसे आपल्याच पेढीतून कोणीतरी पाठवलेले आहेत. तेव्हा प्रथम घरात आणि गादीवर विचारावे. मुलगा, भाऊ, मुनीम, कर सल्लागार या चौघांपैकी एकाकडे उत्तर बहुधा असतेच.

भिवंडीतील एक प्रसंग

विचारावे कसे, हेही महत्त्वाचे आहे. आमच्या माहितीतील भिवंडीच्या एका यंत्रमागधारकाच्या खात्यातून ११,८०० रुपये गेले. नाव अर्धवट होते. त्यांनी सर्व कामगारांसमोर मुनीमजींना जाब विचारला. मुनीमजी त्या पेढीत अठरा वर्षे होते. ते काही बोलले नाहीत. वह्या मेजावर ठेवल्या आणि घरी गेले.

बँकेने आठ दिवसांनी संमतीपत्राची प्रत दिली. त्यावर पेढीचा शिक्का होता आणि सही मालकांच्या थोरल्या भावाची होती. तीन वर्षांपूर्वी धंदा एकत्र असताना भावाने पेढीच्या नावे एका व्यापारी संघटनेचे सभासदत्व घेतले होते. पुढे भाऊ वेगळे झाले. माल, माग, येणे-देणे सर्व वाटून झाले, पण हे संमतीपत्र कोणाच्या ध्यानात आले नाही. १०,००० वर्गणी आणि १,८०० जीएसटी, हिशोब चोख होता. मालक स्वतः मुनीमजींच्या घरी गेले आणि त्यांना परत आणले. मात्र गल्ल्याची किल्ली पुन्हा हातात घ्यायला मुनीमजींनी महिना लावला.

अकरा हजारांचा शोध आठ दिवसांत लागतो. माणसाचा गेलेला विश्वास इतक्या लवकर परत येत नाही. म्हणून आधी कागद मागावा, मग माणसाला विचारावे आणि तेही एकांतात. आणखी एक बोध असा की, भागीदारी मोडते तेव्हा देण्याघेण्याच्या यादीबरोबर बँकेतील चालू संमतीपत्रांचीही यादी काढावी.

उत्तर मिळत नसेल तर : तीन दिवसांचे महत्त्व

घरात कोणाला माहीत नाही, संघटनेचा पत्ता लागत नाही, संमती दिल्याचे आठवत नाही, अशी स्थिती असेल तर मात्र थांबू नये. ६ जुलै २०१७ रोजी रिझर्व्ह बँकेने ग्राहकाच्या जबाबदारीविषयी परिपत्रक काढले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांसाठीही तसेच परिपत्रक निघाले. त्याचे सार असे : ग्राहकाच्या संमतीवाचून इलेक्ट्रॉनिक मार्गाने पैसे गेले, त्यात ना बँकेचा दोष ना ग्राहकाचा, आणि ग्राहकाने सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत बँकेला कळवले, तर नुकसान ग्राहकावर पडत नाही. चार ते सात दिवस लागले तर खात्याच्या प्रकारानुसार ठरावीक मर्यादेपर्यंत भार ग्राहकावर येतो. त्याहून उशीर झाला तर बँकेच्या संचालक मंडळाने ठरवलेले धोरण लागू होते. ग्राहकाने स्वतःच कोणाला ओटीपी सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचेच. हे नियम रिझर्व्ह बँक वेळोवेळी सुधारत असते, म्हणून तक्रार देतानाच चालू मुदत व मर्यादा बँकेकडून विचारून घ्यावी. पण लवकर कळवणाऱ्याची बाजू भक्कम राहते, हे कधीही खरे.

कळवायचे ते लेखी. अर्जात खाते क्रमांक, तारीख, रक्कम, उताऱ्यातील तपशील जसा आहे तसा आणि यूएमआरएन लिहावा. 'या वसुलीस आमची संमती असल्याचे आम्हास ज्ञात नाही, कृपया संमतीपत्राची प्रत द्यावी आणि चौकशी पूर्ण होईपर्यंत पुढील वसुली थांबवावी', एवढे दोन ओळींत मागावे. दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का व तारीख घ्यावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. उघड फसवणूक दिसत असेल, तर सायबर गुन्ह्यांच्या १९३० या क्रमांकावर त्याच दिवशी फोन करावा.

येथे एक सावधगिरी. इंटरनेटवर सापडलेल्या कोणत्याही 'ग्राहक सेवा' क्रमांकावर फोन करू नये. पासबुक किंवा कार्डाच्या मागे छापलेलाच क्रमांक वापरावा. पैसे परत मिळण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. जो पिन किंवा ओटीपी मागतो, तो पैसे परत देणारा नव्हे, घेणारा आहे.

कारागीर बंधू-भगिनींनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली लघुउद्योगांची 'उद्यम' नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत होते. तरीही सरकारी वाटावीत अशी खासगी संकेतस्थळे उघडून काही जण नोंदणीची फी घेतात. उताऱ्यात 'एमएसएमई' या शब्दासह अनोळखी फी दिसली, तर हाही प्रकार तपासावा.

वर्गणी खरी निघाली तर

समजा, शोधाअंती वर्गणी आपलीच ठरली. मग दोन गोष्टी मागाव्यात : रसीद आणि हिशोब. सभासद म्हणून रसीद हा आपला हक्क आहे. रक्कम मागील वर्षापेक्षा वाढली असेल, तर वाढीचा ठराव केव्हा झाला हे विचारावे. संमतीपत्रात 'ठरावीक रक्कम' आणि 'जास्तीत जास्त रक्कम' असे दोन पर्याय असतात. दुसऱ्यावर खूण असेल, तर त्या मर्यादेपर्यंत रक्कम वाढली तरी बँक अडवत नाही. सही करताना वाचायची जागा नेमकी हीच आहे. मर्यादा गरजेपुरती लिहावी आणि शेवटची तारीखही जवळची लिहावी.

सभासदत्व नको असेल, तर येथे बरेच जण अर्धेच काम करतात. कोणी संघटनेला राजीनामा देतो आणि संमतीपत्र तसेच ठेवतो. पुढील एप्रिलमध्ये पैसे पुन्हा कापले जातात. कोणी बँकेत संमतीपत्र रद्द करतो आणि संघटनेला कळवत नाही. तिकडे थकबाकी वाढत राहते. राजीनाम्याने संमतीपत्र आपोआप रद्द होत नाही आणि संमतीपत्र रद्द केल्याने सभासदत्व संपत नाही. दोन अर्ज, दोन शिक्के, तेव्हा काम पुरे.

आणखी एक वाईट सवय म्हणजे खाते रिकामे ठेवून वसुली परतवणे. त्यावर बँकेचा दंड बसतो तो वेगळाच. पण देणे खरे असताना शिल्लक नसल्यामुळे अशी इलेक्ट्रॉनिक वसुली परत गेली, तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली ती धनादेश न वटण्यासारखी गंभीर बाब ठरू शकते. नको असेल तर नको म्हणून लिहून द्यावे. लपाछपी करू नये.

वहीत नोंद कशी करावी?

ज्या दिवशी अनोळखी रक्कम दिसेल त्याच दिवशी ती रोजकीर्दीत घ्यावी आणि उचंत खात्यात टाकावी. 'बँक खर्च' म्हणून निकालात काढू नये. उचंत खाते हे पाहुण्याच्या खोलीसारखे आहे. तेथे कोणी कायमचे राहू नये. उलगडा झाला की रक्कम 'सभासद वर्गणी', 'व्यवसाय कर', 'यंत्रभाडे' अशा तिच्या खऱ्या खात्यात न्यावी. वर्गणीवर जीएसटी असेल, तर आपल्या पेढीच्या नावे आणि आपल्या जीएसटी क्रमांकासह बिल मागावे. तसे बिल असेल आणि ती रक्कम आपल्या जीएसटीआर-२बी मध्ये दिसत असेल, तर कराचा परतावा घेता येईल किंवा नाही हे सल्लागार सांगू शकतील. क्लब किंवा व्यायामशाळेच्या सभासदत्वाचा परतावा मात्र कायद्याने मिळत नाही. म्हणून पेढीची आणि घरची सभासदत्वे एकाच खात्यात मिसळू नयेत.

शेवटी एक सूचना. प्रत्येक पेढीने एका कागदावर चार रकाने आखावेत : कोणाला संमती दिली, यूएमआरएन किंवा कार्डाचे शेवटचे चार आकडे, जास्तीत जास्त रक्कम, शेवटची तारीख. सही कोणी केली तेही लिहावे. हा कागद चेकबुकासोबत ठेवावा आणि दर एप्रिलमध्ये नवा करावा. दर सोमवारी दुकान उघडल्यावर दहा मिनिटे मागील आठवड्याचा उतारा ओळीओळीने वाचावा. थान घेताना आपण प्रत्येक वार डोळ्यांखालून घालतो आणि डाग दिसला तर गठ्ठा परत पाठवण्यापूर्वी तो धुऊन निघतो का ते पाहतो. बँकेच्या उताऱ्यालाही तेवढीच नजर आणि तेवढाच धीर द्यावा. आपला पैसा त्याने राखला जातो आणि ज्यांच्या हाती आपण तो सोपवतो त्यांची इज्जतही राखली जाते.